उसना काळा गळा

एका गावाच्या खळ्यावर चिमण्यांचा थवा उतरायचा, आणि त्या थव्यात एक चिमणा होता, अंगाने किरकोळ, तोंडाने तिखट आणि गळ्याने फिका. चिमण्यांत नराच्या गळ्याखालचा काळा डाग म्हणजे मानाची खूण. ज्याचा डाग मोठा, त्याने मधोमध बसून ज्वारी टिपायची. फिक्या गळ्याच्यांनी कडेचा कोंडा चिवडायचा.

थंडी पडली, भूक वाढली, तसं फिक्याला हे सोसेना. "पोट काय डागाने भरतं?" तो चरफडायचा.

थव्यातली म्हातारी चिमणी म्हणायची, "बाळा, कोंड्यातही दाणे असतात. शोधेल त्याला मिळतात. आणि तुझ्या वाटेला कुणी जात नाही, हे काय थोडं आहे?"

पण ऐकेल तर तो फिक्या कसला! शेजारीच गुऱ्हाळ होतं. तिथल्या धुराड्याच्या काजळीत तो मनसोक्त लोळला आणि हनुवटीपासून छातीपर्यंत काळाकुट्ट होऊन परतला.

पहिल्या दिवशी मोठी मजा झाली. सगळ्यांनी बाजूला सरून वाट दिली. फिक्याने मधोमध बसून तट्ट फुगेस्तोवर ज्वारी खाल्ली. इतके दिवस उगीच उपाशी मेलो, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक दांडगा काळगळ्या समोर येऊन उभा राहिला. "नवा दिसतोस. ये, बघू तुझा जोर."

थव्याचा रिवाजच तसा होता. काळ्याने काळ्याशी भिडायचं, फिक्या गळ्याच्यावर चोच उगारायची नाही. तो गेला की दुसरा आला, दुसरा गेला की तिसरा. भोवती ज्वारीच ज्वारी, पण फिक्याला एक दाणा टिपायला उसंत मिळेना.

"मी दमलोय हो," तो तिसऱ्या दिवशी काकुळतीला आला.

"काळा गळा कधी दमतो होय?" दांडगा हसला आणि त्याने पंखावर टोच मारली.

तेवढ्यात शिक्रा आला. अख्खा थवा भुर्रकन बोरीच्या झुडपात शिरला. दुखऱ्या पंखाचा फिक्या सगळ्यांत मागे राहिला. शिक्र्याच्या नखांत त्याची तीन पिसं गेली, जीव तेवढा वाचला.

शिक्रा निघून गेला, आणि दांडगा लगेच म्हणाला, "मघाचं राहिलंय आपलं."

फिक्या जिवाच्या आकांताने पळाला आणि धडपडत गुरांच्या डोणीत पडला. पाणी काळं झालं, गळा पांढुरका झाला. झेप घेतलेला दांडगा काठावरच थबकला.

"अरे, हा तर आपला फिक्या! तुझ्याशी काय भांडायचं? जा, दाणे टीप."

फिक्या ओल्या अंगाने रडतच म्हातारीला बिलगला. "आजी, मला ज्याची लाज वाटत होती, तोच गळा मला वाचवत होता."

त्या हिवाळ्यात त्याने कोंडा असा काही चिवडला, की कुठल्या ढिगात दाणा आहे हे त्याला लांबूनच कळू लागलं. अंग भरलं, पंख बरा झाला. वर्ष सरलं, जुनी पिसं गळून नवी आली, आणि एका सकाळी थव्यातली पोरं त्याला वाट देऊ लागली. त्याला काही उमगेना.

समोर दांडगा येऊन उभा राहिला. "गळा काळा झालाय तुझा. ये, बघू जोर."

फिक्याने खाली पाहिलं नाही, मागेही पाहिलं नाही. "ये," तो म्हणाला.

तात्पर्य: मानाची खूण उसनी आणता येते, ती पेलण्याचं बळ मात्र स्वतःलाच कमवावं लागतं.