रिकाम्या इमारतीतला गारवा

“मग उरलेली वीज खातंय तरी कोण, भंते?”

संघपाल गजभियेने विहाराच्या ओसरीवर हा प्रश्न टाकला, तेव्हा म्हातारे भंते उपसेन माठाला ओलं फडकं गुंडाळत होते. नागपूरचा मे महिना, रविवार, सकाळचे अकरा. ध्यानाला आलेली बाकीची मंडळी उन्हाच्या धाकाने केव्हाच घरी पळाली होती.

भंत्यांनी फडक्याला गाठ मारली. “नीट सांग.”

संघपालला सांगायची हौस होतीच. तीस मजल्यांची काचेची इमारत, तिच्यात काम करणारी चार हजार माणसं, आणि तिच्या विजेचा सगळा कारभार या एकट्याच्या हातात. गेल्या वर्षी त्याने भर सभेत शब्द दिला होता, की वर्षाच्या आत हिचा खप निम्म्यावर आणतो. म्हणजे हिच्यापायी हवेत जाणारा कार्बनही निम्मा. मग त्याने दिवे बदलले, पंप बदलले, गच्चीवर सौर पॅनेल बसवली. खोलीत कोणी हललं नाही तर दिवे आपोआप विझतील, अशी यंत्रं छताला लावली. सत्कार झाला, पेपरात फोटो आला. तो फोटो त्याने भंत्यांनाही आणून दाखवला होता.

आणि खप तिसऱ्या हिश्श्याने उतरला आणि तिथेच अडून बसला.

“आज रविवार. चिटपाखरू नाही तिथे. तरी मीटर पळतंय. उद्या अहवालावर सही करायचीय, भंते. यापुढे कमी होणं शक्य नाही, असं लिहून द्यायचंय. माझा शब्द मातीत गेला.”

भंत्यांनी माठ सावलीत सरकवला.

“धूर कुठून निघतो तिचा?”

“इमारतीला धूर नसतो, भंते.”

भंत्यांनी उत्तरेकडे बोट केलं. दूर, झळांच्या पलीकडे, वीजकेंद्राची धुरांडी हलत होती. जमिनीवर टेकलेलीच नव्हती जणू.

“...तिथून,” संघपाल म्हणाला.

“चल. दाखव मला.”

इमारतीच्या दारातल्या पहारेकऱ्याला चीवर पाहून काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने कडक सलाम ठोकला. लिफ्ट सतराव्या मजल्यावर थांबली. पाऊल आत पडताच दिवे लागत गेले, एकामागून एक, थेट टोकापर्यंत. संघपालने छताकडे पाहिलं, मग भंत्यांकडे. शाबासकीची वाट पाहत तो जरा थांबलाच.

भंत्यांनी चीवर अंगाभोवती ओढून घेतलं.

खुर्च्यांची लांबच लांब रांग होती. बहुतेक खुर्च्यांच्या पाठीवर स्वेटर, नाहीतर शाल.

“हे काय?”

“लोकांचे आहेत. कामाच्या वेळी थंडी वाजते ना त्यांना.”

“मे महिन्यात?”

संघपाल ओशाळून हसला. रोज या रांगेतून तो जात होता. एकही स्वेटर त्याला आजवर दिसला नव्हता.

टोकाला बैठकीची खोली होती. पडदे ओढलेले, आत निळसर उजेड. भंते खुर्चीवर न बसता खाली गालिच्यावर बसले. संघपाललाही बसावं लागलं.

“आज इथे कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग गारवा कोणासाठी?”

“...कोणी आलं तर, म्हणून.”

“कोण?”

 संघपाल बोलला, तेही गालिच्याकडे पाहत.

“तीन वर्षांपूर्वी, असाच रविवार होता. आमचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन अचानक आले. एसी बंद होता. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं... आणि माझ्याकडे पाहिलं.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. नुसतं पाहिलं.”

“मग?”

“तेव्हापासून बंद करत नाही. रोज ऑफिस सुटल्यावरही नाही, सुट्टीलाही नाही. तीसच्या तीस मजले. अहवालात ते ‘अत्यावश्यक’ या रकान्यात टाकलंय. त्या रकान्याकडे मग मी पुन्हा पाहिलंच नाही.”

“त्यानंतर किती रविवारी आले ते?”

संघपाल गालिच्याची कड सरळ करू लागला.

“किती?”

“एकाही नाही, भंते.”

भंत्यांनी डोळे मिटले.

संघपालनेही मिटले, पण त्याचं मन कशाला लागतंय? तो शरमेने आतून चरफडत होता. भंते मात्र तळ्याकाठी बसावेत तसे स्वस्थ. पापणी हलत नव्हती, बोट हलत नव्हतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

फट्‌कन दिवे गेले.

सवयीने संघपालचा हात वर उठू लागला. हात हलवला की दिवे येतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! भंत्यांनी तो हात अलगद धरला आणि खाली आपल्या मांडीवर ठेवला.

“इथे कोणी नाही,” ते म्हणाले.

निळसर अंधारात सगळं दूर दूर गेलं. टेबल, खुर्च्या, भिंतीवरची घड्याळं, त्याचं स्वतःचं नावसुद्धा. आपण जागे आहोत की झोपेत, हे संघपालला कळेना. मग त्याला ती घरघर ऐकू आली. ती नेहमीच असायची. वरून येत होती, खालून येत होती, भिंतींच्या पोटातून येत होती. तीस रिकामे मजले कोणाचीतरी वाट पाहत गार होत होते, आणि तिकडे क्षितिजावर त्यांच्यासाठी कोळसा जळत होता. एका नजरेपायी. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

 मग त्याने खिशातला फोन काढला. दिवे लागले. तळघरातल्या ड्युटीवरच्या माणसाला त्याने सांगितलं, “डोंगरे, एसी बंद करा. सगळ्या मजल्यांचा.”

“साहेब, लेखी पाठवा बाप्पा. उद्या माझ्यावर यायचं.”

“पाठवतो. माझ्या नावाने.”

त्याने मेसेज लिहिला. अंगठा पाठवायच्या बटणावर थबकला... आणि टेकला. फोन खाली ठेवून तो पुन्हा स्तब्ध बसला.

घरघर मंदावली. मग एका क्षणी ती नव्हतीच. दिवेही पुन्हा विझले. इतकी शांतता त्या इमारतीला ठाऊक नव्हती. उन्हाने तापलेली काच कुठेतरी कटकन वाजली. ऊन पडद्यामागून सावकाश आत येऊ लागलं. गळ्यापाशी, मग पाठीवर, घामाची धार उतरली. संघपालला ते बरं वाटलं. लहानपणी दुपारी आईच्या शेजारी झोपायचा, तसं.

आणि तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली.

“भंते...”

“हं.”

“आत्ता, या क्षणी, अध्यक्षसाहेब आले तर? काय सांगू मी त्यांना?”

भंत्यांनी डोळे उघडले नाहीत. कपाळावरून निघालेला घामाचा थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता.

“बसा म्हणावं,” ते म्हणाले. “...आणि हलू नका.”