न दमणारा सिद्राम

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं सिद्राम मगदूम नावाचा सायकलपटू राहत असे. शर्यतींवरच त्याचं पोट चाले. एका वर्षी तो सपाटीची लांब शर्यत जिंकला, घाटाची जिंकला आणि नुसत्या वेगाची अर्ध्या मैलाचीही जिंकला. चढाला हलकं अंग लागतं, वेगाला भरलेल्या मांड्या. एकाच माणसात दोन्ही कुठून आलं, असं कुणी विचारलं नाही. गाव हारांवर हार घालत राहिलं.

शर्यतींचे पंच नेमगोंडा आण्णा तेवढे गप्प असत. थंडीत घाटमाथ्यावर पोचणारे सगळे धापा टाकत, त्यांच्या तोंडातून वाफा निघत. सिद्राम येई तो तोंड मिटून. कपाळ कोरडं, पापणी स्थिर. वळणावरची कुत्री बाकीच्यांवर भुंकत. याला पाहिलं की शेपूट घालून मागं सरत.

वर्षाच्या शेवटच्या शर्यतीतही तोच पहिला आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. आण्णांना त्याच्या बुटातून रक्त ठिबकताना दिसलं. पेडलची तुटकी पट्टी तळव्यात आरपार घुसली होती आणि सिद्राम हसत हात हलवत होता.

"पाय दुखत नाही का रे?" आण्णांनी विचारलं.

सिद्रामनं खाली पाहिलं, परक्याचा पाय पाहावा तसं.

"कुठला?" तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

आण्णांनी त्याला एका बाजूला नेलं. आपल्याजवळ लबाडीचा पुरावा काही नाही, हे जिंकणं खरं आहे असं तू म्हणशील तर निकालावर सही करीन, असं त्यांनी सांगितलं. मग हळूच विचारलं, "पण तुझं तुला खरं वाटतं का?"

सिद्रामनं रक्ताळलेला बूट काढला. मग त्यानं सगळं सांगितलं. चार महिन्यांत तो दमला नव्हता. भूक नाही, झोप नाही. आईनं पाठीवरून हात फिरवला तरी कळत नसे. त्याला शर्यतींसाठी तयार करणारे उस्ताद रोज दुधातून कसली तरी पूड देत.

"कसली ते मी विचारलं नाही, आण्णा. विचारलं असतं तर जिंकणं थांबलं असतं."

त्याच दिवशी त्यानं चारचौघांत ते कबूल केलं आणि सगळ्या ढाली परत केल्या. उस्ताद तोवर निघून गेले होते. ते मूळचे कुठले, हे कुणालाच सांगता येईना. गावाचा राग मात्र आण्णांवर निघाला. यांनीच गावाचं नाव घालवलं म्हणून लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

महिन्याभरानं घाटापलीकडून एक म्हातारा उस्तादांचा माग काढत आला. त्याचा मुलगाही त्यांचाच चेला होता. तोही सगळ्या शर्यती जिंके. शेवटची जिंकून त्यानं सायकलवरच प्राण सोडला. म्हातारा म्हणाला, "खाली उतरवून निजवला, तरी घटकाभर त्याचे पाय फिरतच होते. आम्ही टाळ्या वाजवत होतो. त्याला कुणी काही विचारलंच नाही."

तात्पर्य: डोळे मिटून टाळ्या वाजवणाऱ्या शंभरांपेक्षा तोंडावर शंका विचारणारा एकच खरा हितचिंतक असतो.