साळूचे काटे

जंगलात अजून माणसांची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका गुहेत एक अस्वल आणि साळू नावाचं काटेरी साळिंदर राहत. दोघं रात्री हिंडत आणि दिवसा झोपत. म्हणजे अस्वल झोपे, साळू नुसती पडून असे.

अस्वल मोहाची फुलं पोट फुटेस्तोवर खाऊन झिंगत यायचं, उताणं पडायचं आणि गुहा हादरेल असं घोरायचं.

"दादा, मोह जरा कमी खा. निदान कुशीवर तरी झोप," एकदा साळू कळवळून म्हणाली.

"मी कुठे घोरतो? तुझ्या काट्यांच्या खुळखुळाटानं माझीच झोप होत नाही. उठलो की डोकं जड! उद्या दुसरं बीळ बघ."

भांडायचं त्राण साळूत उरलं नव्हतं. ती तिथेच, अस्वलाच्या पाठीला टेकून आडवी झाली. अस्वल उताणं व्हायला गेलं की काटे टोचत आणि ते झोपेतच पुन्हा कुशीवर वळे. गुहा शांत झाली.

संध्याकाळी अस्वल ताजंतवानं उठलं. शेजारी थकलेली साळू बारीक घोरत होती.

"बघ! घोरतेस तूच, आणि नाव माझं!" अस्वल ओरडलं.

साळूला ते ऐकू गेलं नाही. कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली होती.