घासलेली बोटं

समया बनवणाऱ्या कारखान्याचे मालक भडकमकर यांनी हजेरीसाठी बोटाचा ठसा ओळखणारं यंत्र आणलं, आणि देवावर नसेल एवढा विश्वास त्याच्यावर टाकला. पहिल्याच महिन्यात यंत्रानं पॉलिशवाल्या रघूअण्णांना नऊ दिवस गैरहजर दाखवलं.

"काढून टाका त्यांना," मालकांनी मनुष्यबळ अधिकारी शैला घार्गे यांना फर्मावलं.

"पण साहेब, ते रोज कामावर होते. मी स्वतः पाहिलंय."

"माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही!" मालकांनी यंत्रावर बोट टेकवलं. लगेच हिरवा दिवा लागला. "बघा, माझं कसं पटकन ओळखतं!"

शैलाताईंनी रघूअण्णांना बोलावून त्यांची बोटं मालकांपुढे धरली. तीस वर्षं पितळ घासून घासून बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या.

"साहेब, तुमचं नि माझं बोट यंत्र ओळखणारच," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपण दोघं कुठं काय घासतो?"

मालकांनी मान खाली घातली. टेबलावरच्या नव्या समईत त्यांना स्वतःचा चेहरा लख्ख दिसला.

"ही कुणी घासली?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच, साहेब," रघूअण्णा म्हणाले. "त्या गैरहजेरीच्या नऊ दिवसांत."