तहानलेले जोडे

एका राज्यात, जिथे राजा प्रजेच्या आधी उठत असे, एक जुनी रीत होती. रोज उजाडताना राजाने जाड कातड्याचे जोडे घालायचे आणि शिवेवरचा बांध चालून यायचे. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून ते जोडे आपल्या हाताने पुसायचे, तेल द्यायचे, वरून मेण लावायचे. जोडे काही सोन्याचे नव्हते. काळपट, पोटरीपर्यंतचे, शेतावर कुणीही घालावेत असे होते. पण पहिल्या राजाला ते एका मांत्रिक चर्मकाराने शिवून दिले होते, आणि देताना तो म्हणाला होता, "हे रोज चिखल तुडवतील तोवर राज्य सुखी. मिरवायला ठेवाल, तर कातड्याची कोरड माणसांच्या पायांत शिरेल."

तीन राजांनी ही रीत पाळली. चौथा राजा भुवनराय. त्याला बांधावर चालायचा कंटाळा नव्हता, पण संध्याकाळी जोडे पुसत बसायचा फार होता. वर्षभर त्याने त्यांना तेलाचे बोट लावले नाही. मग एके दिवशी परमुलखाचे वकील दरबारात आले आणि राजाच्या जरीच्या अंगरख्याखालचे चिखलाचे जोडे बघून हसले. राजाला ते हसू झोंबले. त्याने आपल्या चर्मकाराला, हैबतीला, बोलावणे धाडले.

"उद्या वकील निरोप घ्यायला येतील," राजा म्हणाला. "जोडे आरशासारखे चकाकले पाहिजेत. यापुढे ते दरबारात काचेच्या पेटीत राहतील."

हैबतीने जोड्यावर अंगठा दाबला. कातड्याला खळगा पडला, तो वर आलाच नाही. चाळीस वर्षे कातड्यात हात घातलेला माणूस तो. कातडे तहानलेले आहे हे त्याला कळायला वेळ लागला नाही. आधी मळ काढायचा, मग तेल पाजायचे, मग मेण, आणि चकाकी सगळ्यात शेवटी, हे त्याला आजाने शिकवले होते. त्याला निदान आठ दिवस हवे होते. मांत्रिकाचे बोलही त्याला ठाऊक होते. पण राजा वाट बघत उभा होता, आणि हैबती गप्प राहिला.

त्याने कोरड्या कातड्यावरच लाखेचे रोगण चढवले. जोडे असे चकाकले, की वकिलांनी त्यांत आपल्या मिशा नीट केल्या. राजाने खूश होऊन हैबतीच्या मनगटात सोन्याचे कडे घातले.

महिना गेला. आधी राजाच्या टाचा फुटल्या, मग तळवे सालपटासारखे कडक झाले, मग घोटे वळेनासे झाले. मग तेच लोण राज्यभर पसरले. जो जास्त चालणारा, त्याचे पाय आधी वाळले. गुराखी गेले, ओझेवाले गेले. राजवैद्यांनी लेप लावले, राजज्योतिषांनी मुहूर्त काढले. त्यांचेही पाय लाकूड झाले तेव्हा कुठे ते थांबले. कोरड पायांतून वर चढे आणि छातीपर्यंत पोचली की माणूस संपे.

हैबतीच्या घरात एकच माणूस होते, त्याची लेक ठकू. सात कोस चालून बाजारातून कातडी आणणारी, आणि परत येऊन भाकऱ्या थापणारी. आता ती भिंतीला टेकून बसलेली असे. तिची कोरड गुडघ्यांपर्यंत आली होती.

एका सकाळी अंगणात टिटवी उतरली आणि माणसासारखी बोलली.

"हैबती, वर चकाकी, आत कोरड. असं कुणी केलं?"

"मी केलं."

"मग तूच उलगड. धुक्याच्या तळ्याचं पाणी रोगण उतरवील. चेटकिणीच्या घाण्याचं करंजतेल कातड्याची तहान भागवील. काळ्या कड्यावरच्या मधमाश्यांचं मेण ते तेल आत राखील. तिन्ही ठिकाणी मोल पडेल. आणि ओले जोडे सावलीतच वाळव, विस्तव दाखवू नकोस. तीन दिवस लागतील."

"लेक तोवर टिकेल?"

"ते मला ठाऊक नाही," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

हैबतीने शेजारणीला ठकूजवळ बसवले आणि तो निघाला. त्याचे पाय अजून वळत होते. त्याचे सगळे काम बसून. ज्याने पाप केले त्याच्याकडे कोरड शेवटी येणार होती. याची त्याला लाज वाटे.

धुक्याच्या तळ्यात एक कासव राहत होते, देवळाएवढे. ते म्हणाले, "चकाकीनं तुला जे दिलं ते इथे टाक." हैबतीने कडे काढून पाण्यात टाकले. ते बुडताना त्याला काहीच वाटले नाही, उलट मनगट हलके झाले. त्याने पखाल भरून घेतली.

चेटकिणीच्या घाण्याला बैल नव्हता, वारा जुंपलेला होता. चेटकीण म्हणाली, "मऊपणा आभाळातून पडत नाही, बाबा. कातड्याला द्यायचा तर कुणाच्या तरी अंगातून काढावा लागतो. तुझ्या हातांतला स्पर्श दे."

इथे मात्र हैबती अडखळला. हात म्हणजे त्याचे सगळे काही. डोळे मिटून कातडे ओळखणारे हात ते. निघताना त्याने ठकूच्या कपाळावर हात ठेवला होता, तोही घाईत, नीट लक्ष न देता. ते त्याला आता आठवले. पण त्याने हात पुढे केले. चेटकिणीने त्यांवरून नुसती फुंकर घातली. तेलाचा बुधला उचलला तेव्हा तो गार आहे की कोमट, हे हैबतीला कळले नाही.

काळ्या कड्यावर मोहोळ घोंघावत होते. माश्या एका सुरात म्हणाल्या, "कुणाला न सांगितलेलं सांग."

हैबतीने सांगितले. "कातडं तहानलेलं होतं. मला माहीत होतं. राजाला नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही."

"मेण घेऊन जा," माश्या म्हणाल्या. "पण जिचे पाय गेले तिला हे सांगितल्याशिवाय ते वितळणार नाही."

तो घरी आला तेव्हा ठकूची कोरड कमरेपर्यंत चढली होती. राजवाड्यातून जोडे आणले गेले. तळ्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने, न खरवडता, तो दिवसभर रोगण उतरवत राहिला. लाखेखालचे कातडे भेगाळलेले निघाले, दुष्काळातल्या रानासारखे. मग त्याने जोड्यांत गवत भरले आणि ते ओसरीवर सावलीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी राजाची पालखी दारात आली. राजाही कमरेपर्यंत लाकूड झाला होता.

"शेगडी पेटव," राजा म्हणाला. "तासाभरात वाळतील."

"तडकतील, महाराज."

"ही माझी आज्ञा आहे. तुझ्या लेकीकडे तरी बघ. तुला घाई नाही?"

"आहे, महाराज. गेल्या खेपेलाही घाईच होती."

राजाने ओसरीवरच्या ओल्या जोड्यांकडे पाहिले. मग त्याने पालखी तिथेच, ओसरीखाली ठेवायला सांगितली आणि तोही जोडे वाळायची वाट बघू लागला.

तिसऱ्या दिवशी कातडे वाळले. हैबतीने फडक्याने तेल दिले आणि सवयीने अंगठा दाबला. अंगठ्याला काही कळेना. कातडे धाले की अजून पिते आहे, हे दगडाला विचारावे तसे झाले. त्याने जोडा उचलून ठकूपुढे धरला.

"तू बघ. माझ्या हातांना समजत नाही."

ठकूने अंगठा दाबला. तिचे हात अजून जिवंत होते. "पितंय, बा."

त्याने पुन्हा तेल दिले. तिने पुन्हा दाबून पाहिले. "अजून पितंय." तेलाच्या तिसऱ्या हाताला खळगा सावकाश वर आला आणि ती म्हणाली, "आता पुरे म्हणतंय."

राहिले मेण. हैबती ते तळव्यांत धरून चोळत बसला, उन्हात ठेवले, पण ते गोट्यासारखे कडक. ठकूची कोरड बरगड्यांना लागली होती, तिला श्वास पुरत नव्हता. हैबती तिच्यासमोर बसला. मोहोळाला सांगणे सोपे होते, हे त्याला आत्ता समजले.

"ठकू, ही कोरड मी आणली. मला सगळं ठाऊक होतं. राजापुढे माझी जीभ उचलली नाही, आणि वर मी कडं घेतलं."

ओसरीखाली पालखीत राजाने मान खाली घातली.

"माझे पाय त्या कड्यात गेले म्हणायचे," ती म्हणाली. आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

मेण वितळले. ते हैबतीच्या बोटांतून ओघळले, तेव्हा त्याला ते दिसले म्हणून कळले. तो फडक्याने मेण जोड्यांवर चोळू लागला. हाताला अंदाज नव्हता, तो नको इतका जोर लावत होता. थोड्या वेळाने ठकूने भिंतीकडचे तोंड वळवले, त्याच्या हातातून फडके काढून घेतले आणि स्वतः गोल गोल, हलक्या हाताने जोडे पुसले. जोडे चकाकले नाहीत. त्यांच्यावर मंद, साधी तुकतुकी आली, रोजच्या वापराच्या वस्तूवर असते तेवढीच.

पालखीच्या चार भोयांनी राजाला उभे केले आणि जोडे घातले. पहिले पाऊल टाकताना त्याच्या पायातून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि जोड्यात रक्त आले. राजा थांबला नाही. तो शिवेपर्यंत गेला आणि सबंध बांध चिखलातून चालला. जसजसा तो चालत होता, तसतसे गावोगावी घोटे वळू लागले, तळवे मऊ होऊ लागले. ज्यांच्या छातीपर्यंत कोरड आधीच पोचली होती, ती माणसे मात्र परत आली नाहीत. त्यांच्या घरांपुढून जाताना राजा दर वेळी थांबला.

काचेची पेटी फोडून टाकली गेली. राजा पुन्हा प्रजेच्या आधी उठू लागला आणि संध्याकाळी उंबऱ्यावर बसून जोडे पुसू लागला. तेल पुरले की नाही हे बघायला ठकू येई, अंगठा दाबून सांगे, आणि राजा ऐके. राज्याची घडी पुन्हा बसली.

हैबतीचा स्पर्श काही परत आला नाही. दिलेले मोल ते, शाप नव्हता. अवजारे त्याने लेकीला दिली. ती घरात त्याच्याशी कामापुरते बोले, त्याहून जास्त नाही, आणि तो तिला त्याबद्दल कधी काही म्हणाला नाही.

पावसाळा सरताना एकदा दोघे सात कोसांवरच्या बाजाराला निघाले. ठकू पुढे, हैबती मागे. वाटेत ओढा लागला, दगड शेवाळलेले. हैबती खाली बघत, जपून पाऊल टाकत होता. मधल्या दगडावर त्याची नजर सहज आपल्या उजव्या हाताकडे गेली. ठकूने तो घट्ट धरलेला होता. कधीपासून, कुणास ठाऊक.