उखळाईच्या गुहेतले परातीचे ऊन

हातलोणीच्या डोंगरात उखळाईची गुहा आहे. देवी म्हटली की तिच्यापुढे दिवा आलाच, पण इथे तो नाही. समई नाही, पणती नाही, उदबत्तीसुद्धा बाहेरच्या कातळावर खोचायची. गुहेचे तोंड उत्तरेला आहे आणि वरची कपार पुढे आलेली. ऊन समोरच्या कातळापर्यंत येते आणि तिथेच अडते. आत भरदिवसा अंधार असतो. पण चैत्रातल्या अष्टमीला तिथे जावे. गावच्या बायका पितळी पराती घेऊन कातळावर उभ्या असतात. एकीने परात कलती केली की उन्हाचा कवडसा उडी मारून आत शिरतो आणि भिंतीवर देवीचे पाऊल उजळते. दुसरीच्या परातीने हात दिसतो, तिसरीच्या परातीने पदर. मग सगळ्या पराती एकदम कलतात, अख्खी भिंत पेटल्यासारखी होते आणि माणूस जागच्या जागी खिळतो.

एका वर्षी शहरातून चित्रकला शिकणारी मुले तिथे आली. कारागीर चित्र कसे घडवतात, लोकांपुढे कसे मांडतात आणि टिकवतात कसे, हे बघत ती गावोगाव हिंडत होती. आत शिरताच एकाने मोबाईलची बत्ती लावली. गुहेचे पुजारी धोंडीराम गुरव म्हणाले, "ठेव बाळा खिशात. आई हाय ती. चोराच्या तोंडावर मारल्यागत बॅटरी मारू नये." मुले हसली. गुरवांनी त्यांना कातळावर बसवले आणि या उन्हाची हकीकत सांगितली.

फार वर्षांपूर्वी म्हाळोजी नावाचा चितारी या गावात आला, असे सांगतात. तो आधी भिंतीकडे नुसता बघत राहिला. ओल कुठे धरते, पाणी कुठून झिरपते हे त्याने पुरता एक पावसाळा पाहिले. मग माती, शेण आणि भाताचा तूस कालवून गिलावा केला, वर चुन्याचा हात दिला आणि गेरू, पिवडी, काजळ डिंकात खलून उखळाई रंगवली. चित्र पुरे झाल्यावर त्याने गावाला एकच सांगितले, की हिला बघा, पण जपून बघा. कसे जपायचे ते मात्र तो सांगून गेला नाही, किंवा सांगितले असेल तर गाव विसरले.

गावाने आपल्या परीने जपले. ज्याचा नवस फळे तो चित्राखाली दिवटी लावी. लेक जगली, लाव दिवटी. विहिरीला पाणी लागले, लाव दिवटी. दोन-तीन पिढ्या दिवट्या जळल्या आणि त्यांची काजळी भिंतीवर बसत गेली. आधी देवीची पावले गेली, मग हात, मग तोंड. शेवटी भिंत तव्याच्या बुडासारखी झाली. त्याच सुमारास गावात गुरांचा रोग आला आणि लोक म्हणू लागले, देवीने तोंड फिरवले.

तेव्हा गावचा पाटील होता रायाजी. त्याने ठरवले, की ही भिंत पाथरवटाच्या टाकीने सोलून काढायची आणि तिथे नव्या देवीची शिळा बसवायची. शिळा आणायला गाडी गेली. पाथरवट तिच्याबरोबरच येणार होता. गाडी आली की घाव पडणार.

हे सगुणेच्या कानावर गेले. सगुणा या गावची सून, पण म्हाळोजी चिताऱ्याची पणती. तिच्या आईने हे चित्र कधी पाहिले नव्हते, तरी लेकीला झोपवताना ती त्याचेच वर्णन करी. आईला तिच्या आईने सांगितलेले. देवी जात्याजवळ बसली आहे, तिच्या एका गालात विडा आहे आणि ती हसते आहे. सगुणा लग्न होऊन हातलोणीला आली ती मनात हे हसू घेऊनच. गुहेत जाऊन पाहिले तर नुसता काळोख.

ती चावडीवर गेली आणि पाटलाला म्हणाली, "पाटील, देवीनं तोंड फिरवलं न्हाई. आपणच झाकलंय. मला भिंत पुसून बघू द्या."

"पुसून?" पाटील म्हणाला. "देवी म्हंजे काय तुझ्या घरची चूल हाय?"

चावडी खदखदून हसली. पण पाटील मनाने वाईट नव्हता. म्हणाला, "गाडी येईतोवर काय पुसायचं ते पूस. गाडी आली की मात्र मधी यायचं न्हाई."

सगुणेने रिठ्याचे पाणी केले, फडके भिजवले आणि भिंतीच्या कडेला हलकेच फिरवले. फडके काळे झाले. तिला हर्ष झाला. पुन्हा फिरवले आणि उजेडात आणून पाहिले, तर फडक्यावर काळ्याबरोबर लाल! तिने फडके टाकून दिले. रंग डिंकातले. पाण्याने डिंक सुटतो, हे चिताऱ्याच्या पणतीला कळायला हवे होते. पाथरवट टाकीने करणार तेच ती फडक्याने करत होती. देवीच्या पदराचे टोक तिथे आजही फिके आहे.

ती घरी आली. सासूने, ठकूबाईने, तिला भाकरी थापायला बसवले. सगुणेने भरल्या मनाने तवा चुलीवर चढवला आणि तशाच काजळीच्या हातांनी पीठ मळायला घेतले.

"अगं ए चिताऱ्याचे!" ठकूबाई कडाडली. "पिठाचा कोळसा केलास की! हात बघ कसं लख्ख झालं, समदी काजळी पिठात!"

सगुणेने हात पाहिले. हात न धुताच बोटे खरोखरच स्वच्छ झाली होती. ती एकदम उठली, काळा गोळा उचलला आणि चुलीमागच्या भिंतीवर फिरवला. जिथून गोळा गेला तिथे पांढऱ्या मातीचा पट्टा उमटला. तिने सासूला मिठीच मारली.

"येड लागलं का गं हिला?" ठकूबाई म्हणाली, पण पट्टा तिनेही पाहिला होता. ती पदर खोचत म्हणाली, "घट्ट मळाय पाहिजे. सैल पीठ भितीला चिकटंल. सर बाजूला, तुला न्हाई जमायचं."

असे म्हणतात, की सासूने त्या दिवशी घरातले सगळे पीठ मळले. परातीत गोळे घेऊन दोघी डोंगर चढल्या. सगुणेने गोळा भिंतीला टेकवला, न घासता हलकेच लोळवला आणि उचलला. गोळा काळा, भिंत थोडी उजळ. पुन्हा, पुन्हा. पण अंधारात रंग निघतोय की काजळी, हे कळेना. दिवा आणावा तर त्याचीच काजळी. सगुणा रडकुंडीला आली.

बाहेर ठकूबाई दमून कातळावर बसली होती. गोळे संपले म्हणून तिने रिकामी परात पदराने पुसली आणि मांडीवर तिरपी धरली. त्याबरोबर उन्हाचा लोळ थेट गुहेत घुसला. सगुणेच्या समोर, हातभर अंतरावर, एक गाल होता. फुगलेला, विड्याने भरलेला गाल. आणि त्याच्या कडेला हसणारे ओठ.

"आत्याबाई, हलू नका!" ती ओरडली. "हसतीय! देवी हसतीय!"

ठकूबाई हलली नाही, पण तिने जी आरोळी ठोकली ती खाली शिवारात ऐकू गेली. बायका हातचे काम टाकून धावल्या. ज्या घरी परात त्या घरची परात निघाली, ज्या घरी पीठ त्या घरचे पीठ निघाले. बाहेर पराती ऊन फेकत होत्या, आत हात गोळे लोळवत होते. जाते दिसले, जात्याशी बसलेली देवी दिसली, तिच्या खांद्यावरचा पोपट दिसला, आणि पोपट दिसला तशी पोरेसोरे नाचायला लागली.

इतक्यात गाडी आली. पाटील पाथरवटाला घेऊन पुढे झाला आणि आत पाहताच थबकला. पाथरवटाने टाकी पिशवीत घातली. "पाटील," तो म्हणाला, "हिच्यावर घाव घालायला दुसरा कोणी बघा."

पाटील पुढे पुढे गेला. देवीच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, तळहाताएवढी एकच जागा काळी राहिली होती. सगुणेने तिथे गोळा टेकवायला हात उचलला.

"पोरी, थांब." पाटलाचा आवाज बदलला होता. "मी लहानपणी तापानं फणफणलो व्हतो. माझ्या आयनं दिवटी लावली ती हितंच. बोट धरून तिनं मला दाखवली व्हती जागा. तिची एवढीच काजळी हाय माझ्यापाशी."

सगुणेचा हात वरच राहिला. त्या काळ्याखाली काय आहे ते तिला बघायचे होते. तिच्या आईला माहीत नव्हते, आजीने सांगितले नव्हते. पणज्याने तिथे काहीतरी काढले होते खास. बाहेर पराती धरून बायका वाट बघत होत्या. सगुणेने गोळा परातीत ठेवला आणि पाटलाला नमस्कार केला.

त्याच दिवशी ठरले, की इथे पुन्हा दिवा लागायचा नाही. नवस फळला तर परात आणायची आणि देवीला ऊन दाखवायचे. गाडीतून आलेली शिळा पाथरवटाने गुहेच्या तोंडाशी पायरी म्हणून बसवली.

गुरव थांबले. मुले धावत आत गेली. बाहेर एका बाईने परात कलती केली आणि ऊन नेमके त्या काळ्या जागेवर पडले. त्यांच्यातली एक मुलगी गुडघ्यांवर बसली, नाक भिंतीला लागेल इतकी जवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, इथे खाली काय असेल हो?"

"कोण म्हणतं मोर, कोण म्हणतं चिताऱ्यानं सोताला काढलंय," गुरव म्हणाले. "दर साली पिठाचे गोळे घेऊन बाया येत्यात, समदी भित हलक्या हातानं टिपत्यात. त्या जागेपाशी आल्या की हात वळवत्यात."

आजही हातलोणीच्या भिंतीवर ती काळी जागा तशीच आहे. तिच्याखाली काय आहे, ते गावात कोणालाच माहीत नाही. आणि आजही अष्टमीला ऊन आत आले, की सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते.