वाळलेल्या चिखलातला ठसा

माळावरच्या तळ्यात माणसाने अजून घागर बुडवली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याचा एक कोपरा माशांच्या अंड्यांसाठी राखून ठेवला होता. तिथे जो पाय टाकील त्याला तळं बंद, असा कायदा होता. तरी पाणी आटलं की सगळेच तिथे जायचे.

तळ्याचा कारभार लांडग्याकडे होता. यंदा निवडणुकीत त्याच्याविरुद्ध घोरपड उभी राहिली आणि तिसऱ्याच दिवशी तिच्यावर खटला भरला गेला. न्यायाला म्हातारं कासव बसलं.

त्या कोपऱ्याच्या काठी वाळलेल्या चिखलात घोरपडीचा ठसा स्पष्ट दिसत होता. शेजारीच लांडग्याचे पंजे उमटले होते. पलीकडे कवच घासत गेल्याची एक रुंद खूण होती. ती कुणाची, हे कासवाने लगेच ओळखलं.

"बाकीच्या ठशांचं काय?" त्याने हळूच विचारलं.

"त्यांच्याबद्दल तक्रार नाही," लांडगा म्हणाला.

"पळस फुलला तेव्हा मी पाय टाकला होता, खोटं कशाला बोलू?" घोरपड म्हणाली. "पण मी निवडणुकीला उभी राहिले नसते, तर तुम्हाला माझा ठसा दिसला असता का, कासवआजोबा?"

कासवाने मान आत घेतली आणि आतूनच निकाल दिला. घोरपडीला तळं बंद झालं.

लांडगा बिनविरोध निवडून आला. त्याने रानडुकरांना त्या कोपऱ्यात लोळायला सोडलं. सगळे ठसे पुसले गेले, अंडीही चिरडली. घोरपडीचा ठसा मात्र पुरावा म्हणून काट्यांचं कुंपण घालून जपला.

कासव रोज पाण्यावर येतं. निकालातला एक शब्दही खोटा नव्हता, असं स्वतःला बजावतं आणि त्या कुंपणाला लांबून वळसा घालतं.